दोन पावलांचा उशीर: मध्ययुगातलं 'दरबारी प्रेम' नेमकं काय होतं?

गोष्ट एका गाड्यापासून सुरू करू. साधारण ११७७ ते ११८१ या काळात क्रेतिएं द त्रुआ या फ्रेंच कवीने एक लांबलचक पद्यकथा रचायला घेतली. दंतकथेतल्या आर्थर राजाची राणी ग्वेनिव्हिअर हिला मेलेआगाँ नावाचा राजपुत्र पळवून नेतो. तिच्या मागावर निघालेल्या एका वीराचा घोडा धावून धावून मरतो, उसना घेतलेला दुसराही चकमकीत जातो. अंगावर चिलखत चढवलेला हा गडी भर रस्त्याने पायी चाललेला. तेवढ्यात एक गाडा येतो. हाकणारा बुटका म्हणतो, चढ गाड्यात, राणीचं काय झालं ते उद्या कळेल तुला.

गाड्यात चढायला हरकत काय? हरकत अशी की त्या गाड्याचा उपयोग एकच होता. चोर, खुनी, द्वंद्वात हरलेला, अशांना त्यात बसवून गावभर फिरवत. गाडा समोर दिसला तर क्रूसाची खूण करून देवाचं नाव घ्यावं, असं तेव्हा म्हणत, हे कवी स्वतः थांबून सांगतो. थोडक्यात, आपल्याकडची गाढवावरून धिंड. वीर थबकतो. बुद्धी म्हणते, अब्रू जाईल. प्रेम म्हणतं, चढ. दोन पावलं टाकायला लागतो तेवढाच वेळ जातो आणि तो चढतो.

मग तो तलवारीच्या पात्याचा पूल अनवाणी आणि उघड्या हातांनी ओलांडतो, तळवे आणि गुडघे फाटून रक्त वाहतं, तशाच अवस्थेत मेलेआगाँशी लढतो. मध्येच खिडकीत राणी दिसते, तर नजर हटू नये म्हणून शत्रूकडे पाठ करून वार परतवत राहतो. (इथे क्रेतिएं गालातल्या गालात हसत असणार, अशी माझी खात्री आहे.) अर्धी कथा उलटेपर्यंत त्याचं नावही आपल्याला कळत नाही. ते पहिल्यांदा येतं राणीच्या तोंडून: लॅन्सलॉट. आणि एवढं सगळं करून तो तिच्यापुढे उभा राहतो, तेव्हा ती तोंड फिरवून आत निघून जाते.

त्याला वाटतं, गाड्यात बसून आपण बेअब्रू झालो म्हणून रागावली असेल. नंतर ती कारण सांगते. गाड्यात बसलास याचा राग नाहीच. बसायला दोन पावलं उशीर केलास, याचा आहे.

आजच्या वाचकाला हा निव्वळ छळ वाटेल. पण ज्यांच्यासमोर ही कथा वाचली जायची, त्यांना हा हिशेब चटकन समजायचा, कारण तो प्रेमाच्या हिशेबाआधी चाकरीचा हिशेब होता. धन्याने हुकूम केला आणि चाकर विचारात पडला, तर त्या विचारात पडण्यालाच कसूर म्हणतात. दरबारी प्रेम समजून घ्यायची माझ्या मते हीच किल्ली आहे. त्याची सगळी भाषा नोकरीतून उचललेली आहे.

कुणाच्या नोकरीतून? तर घोडेस्वाराच्या. शिव्हलरी हा शब्द मराठीत आपण सरसकट 'स्त्रीदाक्षिण्य' असा करतो, म्हणजे दार उघडून धरणं, बसमध्ये जागा देणं वगैरे. मूळ शब्दात बाईचा संबंधच नाही. फ्रेंचमध्ये 'शव्हाल' म्हणजे घोडा, 'शव्हालिए' म्हणजे घोडेस्वार, आणि त्याच्या धंद्याचे रीतिरिवाज ते शिव्हलरी. इंग्रजीत त्यालाच नाइट म्हणतात. मराठी इतिहास वाचलेल्यांना यात शिलेदार आठवेल: स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर वेगळा. शिलेदाराचा मान जसा त्याच्या घोड्यावर उभा होता, तसाच या शव्हालिएचाही. लढाईचा तयार घोडा, हजारो लोखंडी कड्या एकेक करून जोडलेलं दहा-पंधरा किलोंचं चिलखत, शिरस्त्राण, भाला, तलवार, दिमतीला पोरगा. हा खर्च झेपला तरच तुम्ही त्या पंगतीत.

आणि सुरुवातीला ही मंडळी काही सभ्य नव्हती. दहाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये राजाची सत्ता नावापुरती उरली होती. गढीत बसलेला छोटा सत्ताधीश आणि त्याचे स्वार आसपासच्या गावांवर जगत. ९८९ मध्ये शारू इथे बिशपांची सभा भरली आणि तिने तीन प्रकारच्या माणसांना धर्मबाह्य ठरवलं: चर्च लुटणारे, गरिबांची गुरंढोरं पळवणारे, आणि नि:शस्त्र पाद्र्यांना मारहाण करणारे. कायदा कुणाविरुद्ध काढलाय यावरून धंदा काय चालला होता ते कळतं. पुढे संतांच्या अस्थी आणून त्यांच्यासमोर शपथा घ्यायला लावल्या, आठवड्यातले काही दिवस लढाई बंद ठेवायला लावली, आणि १०९५ मध्ये पोपने या सगळ्या रगेला जेरुसलेमची वाट दाखवली. शौर्य, धन्याशी इमान, दानत, दिलेल्या शब्दाला जागणं, असे गुण हळूहळू या धंद्याला चिकटत गेले. दरबारात कसं बोलावं, कसं वागावं, हेही त्यात आलं. बाईची सेवा हा त्यातला सगळ्यात शेवटी शिरलेला पाहुणा.

तो आला दक्षिणेकडून. आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये तेव्हा ओक्सितान ही वेगळी भाषा होती आणि तिच्यात गाणी रचणाऱ्यांना त्रुबादूर म्हणत. ज्याची गाणी हाती लागली आहेत असा पहिला त्रुबादूर कुणी भणंग गायक नव्हता. तो अ‍ॅक्विटेनचा ड्यूक, गियेम नववा, जन्म १०७१. चर्चने बहिष्कृत केलेला, विनोदी आणि चावट. त्याच्या दहा-अकरा गाण्यांपैकी एकात तो दोस्तांना सांगतो की माझ्याकडे दोन उत्तम घोडे आहेत, पण एका तबेल्यात नांदत नाहीत, कुठला ठेवू? आणि गाणं संपत आलं की कळतं की ते घोडे म्हणजे दोन बायका आहेत. याच माणसाच्या दुसऱ्या गाण्यांत मात्र प्रेयसीपुढे थरथरणारा, तिच्या एका निरोपासाठी झुरणारा प्रियकर आहे. तबेला आणि ती थरथर एकाच डोक्यातून निघालेली आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पुढच्या दोनशे वर्षांत साडेचारशेच्या आसपास त्रुबादूरांनी रचलेली सुमारे अडीच हजार गाणी आज शिल्लक आहेत. या प्रेमाला ते 'फिनामोर' म्हणत. सोनं भट्टीत घालून शुद्ध करतात तसं गाळलेलं, अस्सल प्रेम. अरबी स्पेनमधल्या प्रेमकवितेचा यावर किती प्रभाव पडला, यावर अभ्यासक शंभराहून अधिक वर्षं भांडत आहेत. त्या भांडणात मी पडत नाही.

मला जास्त गंमत वाटते ती त्यांच्या एका शब्दाची. प्रेयसीला हे कवी 'मिदोन्स' म्हणतात. शब्दशः अर्थ 'माझे धनी', म्हणजे पुरुषवाचक. मराठीत बायका नवऱ्याचा उल्लेख 'आमचे धनी' असा करत आल्या. इथे पुरुष दुसऱ्याच्या बायकोला 'धनी' म्हणतोय. हा लाडाचा शब्द नव्हता, रुजू होण्याचा होता. त्या काळी चाकरीला लागताना माणूस गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या दोन्ही हातांत द्यायचा, आणि मी तुमचा माणूस, असं म्हणायचा. त्रुबादूरही प्रेयसीला नेमकं हेच म्हणतो. मी तुमचा माणूस. इमानाने सेवा करीन. मोबदला तुमच्या मर्जीवर.

बाकीची पात्रंही ठरलेली. चहाड्या करणारे 'लाउझेंजिएर' सगळीकडे कान लावून बसलेले, संशयी नवरा 'गिलोस' दारामागे. म्हणून प्रेयसीचं नाव कधीच घ्यायचं नाही, टोपणनाव वापरायचं. बेर्नार्त द व्हेंतादोर्न आपल्या एकीला 'लोहचुंबक' म्हणतो. रात्र संपत आली की बुरुजावरचा पहारेकरी हाळी देतो आणि दोघांना वेगळं व्हावं लागतं. त्या पहाटेच्या गाण्यांचा तर वेगळा प्रकारच आहे, 'आल्बा' नावाचा.

आता एखाद्या गढीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. धनी एक, त्याची बायको एक, आणि भोवती डझनावारी तरणी पोरं. यांतले बरेच धाकटे मुलगे. वतन थोरल्याकडे जाण्याची पद्धत पक्की होत चाललेली, त्यामुळे धाकट्याला जमीन नाही, आणि जमीन नाही तर लग्नही लांबणीवर. मोठ्या घरात चाकरी करायची, धन्याची मर्जी सांभाळायची आणि वाट बघायची. धन्याची मर्जी त्याच्या बायकोच्या कानातून जाते, हे सगळ्यांना ठाऊक. अशा घरात धनिणीचं गुणगान करणारं, मी तुमचा माणूस म्हणणारं, बदल्यात फक्त एक कटाक्ष मागणारं गाणं सगळ्यांसमोर, धन्यासमोरसुद्धा, म्हणता येतं. बायकोची एवढी वाहवा होतेय म्हटल्यावर धन्याचाही रुबाब वाढतो. या गाण्यांतला अर्जदार खरा कशासाठी अर्ज करतोय, प्रेमासाठी की नोकरीत वर चढण्यासाठी, हे बऱ्याच वेळा सांगता येत नाही. बहुधा त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

एक खुलासा इथेच करून टाकतो. 'दरबारी प्रेम' हे नाव मध्ययुगातल्या माणसांनी जवळजवळ वापरलेलं नाही. ते रूढ झालं १८८३ मध्ये, गास्ताँ पारिस या फ्रेंच अभ्यासकाने याच गाड्याच्या कथेवर लिहिलेल्या लेखामुळे. त्याने चार लक्षणं सांगितली: प्रेम चोरटं असतं, प्रियकर खालच्या पायरीवर असतो, तिच्या योग्य होण्यासाठी तो पराक्रम करतो, आणि हे सगळं नियमबद्ध असतं. ही लक्षणं त्या कथेला फिट बसतात, पण पुढे लोकांनी ती अख्ख्या मध्ययुगाला लावली. क्रेतिएंच्याच इतर कथांत नवरा-बायकोचं प्रेम आहे, भांडणं आहेत, समेट आहे. गाड्याची कथा तर त्याने शेवटपर्यंत लिहिलीसुद्धा नाही. शेवट दुसऱ्याने पुरा केला. शाँपेनची काउंटेस मारी हिने विषय आणि रोख दिला, मी फक्त कष्ट केले, असं तो सुरुवातीला सांगतो. हा नम्रपणा आहे की हात झटकणं, ते ज्याने त्याने ठरवावं.

नियमांचं म्हणाल तर एक पुस्तक आहे खरं. ११८० च्या दशकात आंद्रेआस नावाच्या पाद्र्याने लॅटिनमध्ये प्रेमावर ग्रंथ लिहिला. त्यात प्रेमाचे ३१ नियम आहेत: मत्सर नाही त्याला प्रेम करता येत नाही, प्रेमात पडलेल्याचं खाणं आणि झोप कमी होते, लग्न झालंय ही प्रेम नाकारायची सबब होऊ शकत नाही. त्यात याच मारीच्या नावावर १ मे ११७४ चं एक निकालपत्रही दिलंय. प्रश्न असा की नवरा-बायकोत खरं प्रेम असू शकतं का? निकाल, नाही. कारण प्रियकर एकमेकांना आपखुशीने देतात आणि नवरा-बायको कर्तव्य म्हणून. असली न्यायालयं खरोखर भरत होती, असं जुन्या पुस्तकांत ठोकून दिलेलं असतं. तसा पुरावा नाही. शिवाय याच ग्रंथाचा तिसरा भाग म्हणतो की हे सगळं विसर, प्रेम हे पाप आहे आणि बायका लोभी असतात. ग्रंथ थट्टेने लिहिला की मनापासून, यावर एकमत नाही. पॅरिसच्या बिशपने मात्र तो गंभीरपणे घेतला आणि १२७७ मध्ये त्याचा निषेध केला.

त्या ग्रंथातला एक छोटा भाग मात्र मला थट्टा म्हणूनही गिळता येत नाही. शेतकऱ्यांच्या प्रेमाबद्दलचा. ही माणसं घोड्या-खेचरांसारखं प्रेम करतात, त्यांना ही विद्या शिकवू नये, नाहीतर शेती कोण करणार? आणि एखादी शेतकरीण आवडलीच तर आधी भरपूर स्तुती कर आणि सोयीची जागा मिळाली की जबरदस्ती करायला कचरू नकोस. वरच्या पानांवर कटाक्षासाठी वर्षं काढणारा प्रियकर, आणि इथे हे. दाक्षिण्य कुणाला मिळायचं याची हद्द एवढी स्पष्ट दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेली नाही.

पण हद्दीच्या आतल्या बायकांचं तरी काय होतं? ११८५ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या कारभाऱ्यांनी १२ परगण्यांत फिरून एक यादी केली. राजाच्या 'दानात' असलेल्या विधवा आणि पोरक्या मुलामुलींची. प्रत्येकीचं नाव, वय, किती मुलं, जमिनीचं उत्पन्न किती, त्या जमिनीवर बैल किती, मेंढ्या किती आणि आणखी किती चरू शकतील. अशा बाईचं लग्न कुणाशी लावायचं ते राजा ठरवणार, आणि ते हक्क तो विकू शकणार. मारीची आई, अ‍ॅक्विटेनची एलिनॉर, म्हणजे आपल्या घोड्यांवाल्या गियेमची नात, ही त्याच हेन्रीची राणी. ही यादी होत होती तेव्हा मुलांच्या बंडाला साथ दिली म्हणून ती त्याच्या कैदेत होती. विधवेला मनाविरुद्ध लग्न करायला भाग पाडू नये, हे १२१५ मध्ये मॅग्ना कार्टा या सनदेत राजाकडून कलम म्हणून लिहून घ्यावं लागलं.

या यादीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला पुरुष बघायचा तर विल्यम मार्शल. इंग्लंडमधल्या एका मध्यम घराण्यातला धाकटा मुलगा, जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा. पाच-सहा वर्षांचा असताना बापाने राजाकडे ओलीस ठेवला आणि करार मोडला. पोराला फासावर देऊ, असा निरोप आला तेव्हा बाप म्हणाला म्हणे, याहून चांगली पोरं घडवायला ऐरण-हातोडा आहे माझ्याकडे. राजाला दया आली, पोरगा वाचला.

मोठा झाल्यावर त्याने पोट भरलं ते स्पर्धांवर. त्या काळच्या स्पर्धा म्हणजे सिनेमातल्यासारखं दोघांचं समोरासमोर येणं नव्हे. दोन गट मैलोनमैल शेतांतून एकमेकांचा पाठलाग करत. समोरच्याला पकडायचं, त्याचा घोडा घ्यायचा, सोडायची खंडणी ठरवायची. मार्शल आणि त्याचा एक भागीदार यांनी दहा महिन्यांत १०३ स्वार पकडल्याचा हिशेब त्याच्या चरित्रात आहे. हिशेब ठेवायला कारकून होता, यातच सगळं आलं. चर्चने ११३० पासून या स्पर्धांवर बंदी घातली होती. १३१६ मध्ये ती उठेपर्यंत कुणी फारशी पाळली नाही.

अशाच एका स्पर्धेनंतर उत्कृष्ट वीर म्हणून एक भला मोठा मासा त्याला बक्षीस द्यायचं ठरलं, पण मार्शल सापडेना. शोधणारे लोहाराच्या भट्टीपाशी पोचले तर हा ऐरणीवर डोकं ठेवून वाकलेला. वार बसून बसून शिरस्त्राण असं चेपलं होतं की ते डोक्यातून निघत नव्हतं. लोहार हातोडा, पकड आणि पाना घेऊन ते फोडून काढत होता. बापाच्या ऐरणीनंतर ही दुसरी ऐरण. शिव्हलरीचं याहून खरं चित्र मला माहीत नाही.

त्याच्या प्रेमाचं काय? त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या १९,००० हून जास्त ओळींच्या चरित्रकाव्यात ते शोधावंच लागतं. धन्याच्या बायकोशी संबंध असल्याची चहाडी एकदा झाली, अगदी गाण्यांतल्यासारखी. त्याने द्वंद्वाचं आव्हान दिलं, कुणी पुढे आलं नाही, त्याला दरबार सोडावा लागला. लग्न झालं ११८९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिशीच्या आसपास. इसाबेल द क्लेअर तेव्हा सतरा-अठराची, वेल्स आणि आयर्लंडमधल्या अफाट जमिनींची वारस, राजाच्या ताब्यातली. नव्या राजाने ती मार्शलला दिली. धाकटा मुलगा एका दिवसात राज्यातल्या बड्यांमध्ये जाऊन बसला. त्यांना दहा मुलं झाली आणि संसार चांगला चालला असावा. पुढे तो इंग्लंडचा कारभारी झाला आणि सत्तरीच्या आसपास १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत घोड्यावर होता.

चहाडी खरी ठरली असती तर? याचंही उत्तर त्याच वर्तुळात मिळतं. क्रेतिएंचा पुढचा आश्रयदाता फ्लँडर्सचा काउंट फिलिप. ११७५ मध्ये, म्हणजे गाड्याची कथा रचली जाण्याच्या जेमतेम दोन-चार वर्षं आधी, आपल्या बायकोशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याने एका स्वाराला पकडलं. इतिवृत्तं सांगतात की त्याला बडवून काढलं आणि मैल्याच्या खड्ड्यात पाय वर, डोकं खाली असं टांगून मारलं. बायकोच्या माहेरच्या जमिनी मग फिलिपच्या ताब्यात राहिल्या. लॅन्सलॉट आणि ग्वेनिव्हिअरची कथा ऐकायला जे बसले होते, त्यांना ही बातमी माहीत नसेल असं होणं कठीण.

यावरून सगळं थोतांड होतं असं म्हणायचा मोह होतो. तसंही नाही. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा पकडला गेला, तेव्हा जिंकणाऱ्या इंग्लिश राजपुत्राने त्याला जेवायला बसवून स्वतः वाढलं आणि त्याच्या बरोबरीने बसायला नकार दिला. हे त्या नीतीचं फळ होतं. ठरलेली खंडणी ३० लाख सुवर्ण नाणी, हेही. आणि आदल्याच वर्षी याच राजपुत्राच्या फौजेने त्रुबादूरांच्या त्या दक्षिण मुलखात गावंच्या गावं जाळत नेली, कार्कासोनचं खालचं शहर पेटवलं, हेही त्याच नीतीत बसत होतं. गावकरी काही शव्हालिए नव्हते.

खेळ म्हणून हे किती पुढे जाऊ शकतं, ते बघायला ऑस्ट्रियाकडे वळावं लागतं. १२५५ च्या सुमारास उलरिश फॉन लिश्टेनश्टाईन या सरदाराने स्वतःच्याच प्रेमसेवेची कहाणी पद्यात लिहिली. लहानपणी बाईसाहेबांनी हात धुतलेलं पाणी पिऊन टाकलं, पुढे स्पर्धेत जायबंदी झालेलं बोट तोडून पेटीतून पाठवलं. मग लांब वेण्या लावून, व्हीनस या रोमन प्रेमदेवतेचा वेश करून, तो व्हेनिसजवळून बोहेमियाच्या दिशेने निघाला आणि वाटेत भेटेल त्याला भालाफेकीला नव्हे, भाल्याच्या टकरीला बोलावत गेला. ३०७ भाले मोडल्याचा आकडा तो स्वतः देतो. किती खरं, किती रचलेलं, देव जाणे. मला आवडतो तो मधला एक छोटा प्रसंग. बाईसाहेबांसाठी एवढी वणवण चाललेली असताना तो दोन-चार दिवस चुपचाप सुट्टी घेतो आणि घरी बायकोला भेटून येतो. तिच्यावर माझं फार प्रेम आहे, हेही सांगून टाकतो. यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही. तिकडे नोकरी, इकडे घर.

आतापर्यंत सगळे पुरुषच बोलले. बायकाही गाणी रचत होत्या. वीसेक त्रुबादूर स्त्रियांची नावं माहीत आहेत. त्यांतली एक दीयची काउंटेस. तिचं एक गाणं चालीसकट शिल्लक आहे, आणि स्त्री त्रुबादूरांच्या गाण्यांपैकी चालीसकट उरलेलं ते एकच. त्यात ती देव्हाऱ्यात बसलेली 'मिदोन्स' नाही. तिला सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला ती रोखठोक विचारते की माझ्यात काय कमी होतं, रूप, बुद्धी की घराणं? दुसऱ्या एका गाण्यात तर ती म्हणते की एका संध्याकाळी माझ्या शव्हालिएला उघड्या अंगाने मिठीत घ्यावं, माझ्या मांडीची त्याला उशी व्हावी, नवऱ्याच्या जागी तो असावा. आणि इतकं बोलून झाल्यावर, अगदी शेवटच्या ओळीत, अट घालते: आधी शब्द दे, मी म्हणेन ते सगळं करशील.